कंप्युटरची आंघोळ

आमच्या अव्वानं खंडेनवमीला कंप्युटरला आंघोळ घातली. हसायचं असंल तर हसून घ्या, सगळं मुरुम गाव हसून मोकळं झालंय. पण मग गप बसून पुढचं ऐका, कारण त्या आंघोळीनं माझ्या भावाची वाचा दुसऱ्यांदा गेली.

मी शिवलीला. माझं माहेर आणि सासर दोन्ही मुरुमातच, मधी दोन गल्ल्या. लग्नात पाठवणीच्या वेळी अव्वा, म्हणजे आमची आई, हंबरडा फोडून रडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी विरजण मागायला तिच्या दारात हजर. आमच्या आप्पांची, महालिंगप्पांची, तुरीच्या डाळीची मिल आहे. आप्पा गेल्यावर ती माझा धाकटा भाऊ नंदीश बघायला लागला. घरचं आवरलं की मीबी मिलच्या हापिसात जाते, बिलं करते. बदल्यात मला बोलायचा हक्क आहे आणि तो मी पुरेपूर वसूल करते.

नंदू लई बोलका होता. दोन कानाला दोन फोन, आणि समोर बसलेल्याशी डोळ्यानं तिसरं बोलणं. अशा माणसाला लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला. पाय मालिश करकरून बराच आला, हात जरासा आला, वाचा काही आली न्हाय. सोलापूरच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, ह्यांचं डोकं शाबूत आहे, तुमचं सगळं ह्यांना समजतं, फक्त शब्द सापडत न्हाईत. आणि लिहिलेली अक्षरंबी ओळखू येत न्हाईत. आकडे ओळखतो, रंग ओळखतो, माणूस तर लांबून चालीवरून ओळखतो. पण तोंडातून निघतं ते तीनच. "हां", "शिवा शिवा", आणि एक शिवी. ती शिवी मी इथं सांगणार न्हाय. गंमत अशी की बाकीचे शब्द अडखळतात, शिवी मात्र अगदी खणखणीत निघते. आणि ती त्याच्या हातात न्हाय. काहीतरी मोठं बोलायला तोंड उघडलं, की तीच बाहेर पडते. एकदा मठाचे स्वामी भेटायला आले, त्यांना "या, बसा" म्हणायला गेला आणि शिवी घातली. आम्हाला धरणी पोटात घेईना. स्वामी हसले, म्हणाले, आशीर्वाद समजतो.

सगळेच स्वामी नसतात. लोक यायचे, नंदू समोर बसलेला असायचा, आणि मला विचारायचे, "कसा हाय आता? जेवतो का?" अगं बया, समोर बसलाय, त्याला विचारा की! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नंदू नुसता भिंतीकडं बघायचा.

त्याला परत माणसांत आणलं ते हापिसातल्या कंप्युटरनं. त्यात मेलचं एक सॉफ्टवेअर होतं, थंडरबर्ड नावाचं. त्याच्यावर निळं पाखरू आहे म्हणून अव्वा त्याला 'पाखरू'च म्हणायची. बिलं, ऑर्डरी, गाड्यांचे कागद, आमच्या मोठ्या गिऱ्हाइकांचं सगळं त्या मेलवरच यायचं. आता तुम्ही म्हणाल, मोबाईल काय मेला होता? मोबाईलवर त्याचं डावं बोट घसरायचं. कंप्युटरवर डावा हात टेबलाला टेकवून त्याला जमायचं.

एक दिवस बघते तर त्यानं एका मेलला पिवळा रंग लावलेला. नंतर त्याच माणसाच्या सगळ्या मेल पिवळ्या. लातूरचा दलाल. नाव वाचता येत न्हाय ना, मग रंगावरून ओळखायचा! माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. तिथून आम्ही दोघं लागलो. तो दाखवायचा, मी करायची. आणि मी घरी गेल्यावर तो एकटा डाव्या हातानं आणखी काय काय करून ठेवायचा. प्रत्येक व्यापाऱ्याचा रंग ठरला. पिवळ्यातच त्याच्या चार जाती होत्या. ऑर्डर आली की घंटा वाजायची, तक्रार आली की कावळा ओरडायचा. माझ्या मेलला त्यानं लालभडक लावला. म्या विचारलं, "लाल का रे?" तर खुदकन हसला. काय समजायचं ते समजले.

मग तयार वाक्यं. एक आकडा दाबला की एक अख्खं वाक्य लिहून यायचं. एक दाबला की "आजचा भाव कळवावा". दोनला "सौदा मंजूर". तीनला "ह्या भावात परवडत नाही". चारला "गाडी निघाली". पाच, सहा असेच धंद्याचे. क्विंटलचा आणि भावाचा आकडा तो स्वतः टाकायचा.

सातव्या वाक्यासाठी त्यानं मला अर्धा दिवस छळलं. तुरीची मूठ टेबलावर ठेवली, तिच्यावर ग्लासातलं पाणी ओतलं, आणि आप्पांच्या फोटोकडं बोट करत बसला. मला काही केल्या उमगंना. त्याच्या तोंडातून शिवी, माझ्या तोंडातून शिवी. शेवटी अव्वा चहा घेऊन आली, तिनं पाणी बघितलं, फोटो बघितला आणि म्हणाली, "भिजल्या मालाचं बोलायलाय गं, तुझ्या बापाचं." मग मला आठवलं. वाटेत पावसानं कोणाचा माल भिजून आला, तर आप्पा त्या माणसाला कधी बोलायचे न्हाईत. म्हणायचे, "माल भिजला की धाडणारा आधीच अर्धा मेलेला असतो. उरलेला आपण कशाला मारायचा?" त्यांचा ठरलेला निरोप असायचा. तोच म्या सातवर बसवला. आठ रिकामाच राहिला, त्याला कधी काही लागलं न्हाय.

असा माझा भाऊ परत शेठ झाला. कलबुर्गीचा एक व्यापारी, नवीनच जोडलेला, मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. नंदूनं हात जोडले, खुर्ची दिली, आणि "हां" म्हणाला. त्या माणसाला दहा मिनिटं लागली समजायला. मग तो माझ्याकडं बघून म्हणाला, "आवं ताई, काय सांगता! आमचं तर रोज बोलणं होतं!" त्या दिवशी नंदू घरी जाऊन दोन भाकरी जास्त जेवला.

आता खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी सगळी आयुधं धुवून पुजतात. मिलची चक्की, चाळण, वजनकाटा, ट्रक, मोटारसायकल, घरातली विळी, सगळ्यांना पाणी, इबूतीची, म्हणजे भस्माची, तीन बोटं, कुंकू, झेंडू. कंप्युटरला दरवर्षी नंदू कोरड्या फडक्यानं पुसायचा आणि वरून इबूती लावायचा. ह्या वर्षी आम्ही सगळे मिलमधी कोहळा फोडायला गेलो आणि हापिसात अव्वा एकटी राहिली.

तिचं म्हणणं असं. सगळ्या आयुधांची आंघोळ झाली आणि ज्याच्यावर माझा लेक बोलतो ते एकटंच पारोसं बसलंय. बरं, गरम होतंय म्हणून त्या डब्याचं एका बाजूचं झाकण नंदूनं उन्हाळ्यापासून काढूनच ठेवलेलं. आत ही एवढी डाळीची धूळ. अव्वा अडाणी न्हाय बरं का, तिनं आधी वायर काढली. मग डबा आडवा केला आणि तांब्याभर पाणी ओतलं. चांगलं कोमट. पदरानं पुसलं. इबूती लावली, आत-बाहेर. फुलं वाहिली, आत-बाहेर. आणि लेकाला तयार मिळावं म्हणून वायर लावून बटन दाबलं.

आम्हाला मिलमधी फाट् ऐकू आलं ते आम्ही कोहळ्याचंच समजलो.

बसस्टँडजवळ सोमेशचं कंप्युटरचं दुकान आहे, त्याला बोलावलं. तो आत बॅटरी मारून बघतो आणि म्हणतो, "ताई, ह्याच्यात झेंडू आहे." म्या म्हणलं, असू दे, तू बोल. तो म्हणाला, आतलं सगळं गेलं, बोर्ड नवा लागंल, डिस्कबी नवीच टाकू, पाणी गेलेल्या डिस्कचा काय भरवसा. टाक म्हणलं. त्यानं डब्यासकट सगळं नवं बसवलं, विंडोज नवी टाकली, पाखरूबी नव्यानं आणलं, पासवर्ड घातला. आणि काय सांगू, धडाधड मेल यायला लागल्या. पार जुन्या जुन्या. सोमेश खुश. "एकबी मेल गेली न्हाय बघा! सगळं नव्यासारखं!"

नव्यासारखं! तेच तर झालं. पांढऱ्यावर काळी अक्षरं, खालपर्यंत सारखी, मुंग्यांची रांग लागल्यागत. एक रंग न्हाय. नंदू खुर्चीत बसला, पडद्याकडं बघितलं. दोन दाबलं. नुसता दोनचा आकडा उमटला. परत दाबलं. परत दोन. मग त्यानं एक, तीन, चार, सात, सगळं दाबून बघितलं आणि हात मांडीवर ठेवला. शिवीसुद्धा दिली न्हाय.

म्या म्हणलं, घाबरू नको, आपण परत करू. बसलो दोघं. लातूरला पिवळा लावला, त्यानं मान हलवली. दुसरा पिवळा लावला, न्हाय. तिसरा, न्हाय. रंग सगळे त्याच्या डोक्यात, आणि डोक्यातून बाहेर यायची वाट बंद. अर्ध्याहून जास्त तर त्यानं मी नसताना केलेले, मला कुठून माहीत असणार? मी सारखी "हा का? मग हा का?" करत राहिले, आणि त्यानं माऊस उचलून भिंतीवर मारला.

नंतर तो हापिसात यायचाच बंद झाला. मेलवर जवाब जाईना, म्हणून लोकांचे फोन यायला लागले. आणि आमचा चुलतभाऊ शांतलिंग, कुठं काही मोडलं की त्याला बरोबर वास येतो, तो आला. नंदूच्या समोर बसून मला म्हणतो, "शिवलीलाक्का, किती ताणणार? मिल मला चालवायला द्या. नंदीशला घरी आराम करू द्या." म्या म्हणलं, "मालक समोर बसलाय, त्याला विचार." शांतलिंग हसला. "त्याला काय विचारायचं?" नंदूनं तोंड उघडलं आणि "शिवा शिवा" निघालं. एरवी नको तिथं निघणारी शिवी नेमकी त्या दिवशी रुसून बसली! शांतलिंगनं दिवाळीच्या पाडव्यापर्यंत विचार करा म्हणून सांगितलं आणि माझ्या हातचा चहा पिऊन गेला.

सगळा राग मग अव्वावर निघाला. खोटं कशाला बोलू, म्या लई बोलले. "आंघोळ घालायची तर देवाला घाल, मशीनला कशाला? आम्हाला एका शब्दानं विचारायचं तरी!" ही बाई आयुष्यात कोणाचं ऐकून घेत नसती, आप्पांचंबी घेतलं न्हाय. ती मान खाली घालून देवघरात गेली. तिथंच बसायला लागली. जेवायला हाक मारली की म्हणायची, "तुमचं होऊ द्या."

नंदूच्या नजरेतून ते सुटलं न्हाय. एके दुपारी तो उठला, पाय ओढत देवघरापर्यंत गेला आणि अव्वासमोर उभा राहिला. तोंड उघडलं. ओठ हलले, मान हलली, कपाळावर शीर उठली. त्याला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, आंधळ्यालाबी दिसलं असतं. आणि निघाली ती शिवी. खणखणीत. आईच्या तोंडावर.

अव्वा म्हणाली, "बरोबर हाय, मगा. घाल. मला शिव्याच घालाय पायजेत." मगा म्हणजे कन्नडमधी लेकरा. आमची अव्वा जीव कळवळला की कन्नडमधी जाते. नंदूनं डाव्या हातानं स्वतःच्याच तोंडात मारून घेतली. एकदा, दोनदा. म्या धावत जाऊन हात धरला. दोघंबी रडायला लागले आणि दोघांनाबी एकमेकांना काही सांगता येईना. मी मधी उभी, एवढ्या मोठ्या जिभेची, आणि मलाबी काही सुचंना.

तशीच निघाले आणि सोमेशचं दुकान गाठलं. तो बिचारा कोणाचा तरी प्रिंटर उघडून बसला होता. म्या विचारलं, "सगळं आलं म्हणतोस, मग आमचं सेटिंग कुठं गेलं? रंग कुठाय? कावळा कुठाय?"

"कावळा?" सोमेश म्हणाला.

त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "ताई, हे मला कोणी सांगितलंच न्हाय. मेल तुमच्या दूर कंपनीच्या कंप्युटरवर असतात, त्या कधीबी परत येतात. पण रंग, आवाज, वाक्यं, हे सगळं तुमच्याच कंप्युटरमधी एका फोल्डरात असतं. प्रोफाइल म्हणतात त्याला. तो जुन्या डिस्कवर."

"मग जुनी डिस्क कुठाय?"

"मी तर काढून तुमच्या टेबलावरच ठेवली. पाणी गेलं म्हणून तपासली न्हाय. तपासायला पायजे होती." पोरगं खरंच शरमलं होतं, मग मला त्याला जास्त बोलवंना.

दसऱ्यानंतर मिलचं भंगार जातं. सोमेशच्या गाडीवर बसून भंगारवाल्याकडं गेलो. पत्र्याच्या ढिगात दोघं वाकून वाकून हुडकलं. आमच्या कंप्युटरचा डबा सापडला, पंखा सापडला, त्यात अजून झेंडू होता. डिस्क न्हाय. भंगारवाला म्हणाला, "ताई, आली असती तर इथंच असती, माझ्याकडून कुठं गेली न्हाय." शेवटचा आधारबी गेला.

अव्वाच्या घरी आले आणि पायरीवरच बसले. सोमेश उभा. मी आपली मोठमोठ्यानं बोलायले, भिंतीला म्हणा, नशिबाला म्हणा. "एवढीशी ती डबी! चपटी, लोखंडाची, तळहाताएवढी! तिच्यात माझ्या भावाचं सगळं बोलणं होतं, आणि कोणी भिरकावून दिली कोणास ठाऊक!"

आतून अव्वाचा आवाज आला. "चांदीच्या रंगाची का?"

अव्वा देवघरात गेली आणि देवांच्या मागून एक पुडकं काढून आणलं. खणाच्या कापडात गुंडाळलेलं. उघडलं तर डिस्क! वर इबूतीची तीन बोटं, बाजूला वाळलेलं बेलाचं पान.

"टेबलावर पडली होती," अव्वा म्हणाली. "पुजलेलं आयुध भंगारात देतात व्हय? मोडलं तरी आयुधच ते. रोज इबूती लावायले आणि माफी मागायले त्याची."

"अव्वा! मग सांगायचं न्हाय का!"

"मला कोणी विचारलं?"

खरं होतं. घरातल्या सगळ्यांनी तिला ऐकवलं होतं, विचारलं कोणीच नव्हतं.

सोमेशनं डिस्क उजेडात धरून चारी बाजूंनी बघितली. म्हणाला, ही बंद डबी असते, पाणी आत गेलं नसंल तर नशीब. मग हापिसात नेऊन तिला एक वायर जोडली, दुसरं टोक नव्या कंप्युटरला. म्या डोळे मिटले. आधी काहीच न्हाय. मग बारीक घूंऽऽ असा आवाज यायला लागला. डिस्क फिरत होती! सोमेशनं कुठंतरी लपलेला फोल्डर हुडकला, आमच्या कंप्युटरवर घेतला आणि पाखराला सांगितलं, बाबा, आता नवं घर सोड आणि जुन्या घरात चल. पाखरू बंद केलं, परत उघडलं.

आणि काव! काव! काव! इतक्या दिवसांच्या सगळ्या तक्रारी एकदम ओरडायला लागल्या. मधी मधी घंटा. पडदा वरपासून खालपर्यंत पिवळा, हिरवा, जांभळा, केशरी. मी आणि सोमेश येड्यासारखे हसायला लागलो. कावळ्याचा आवाज ऐकून एवढा आनंद पितरपाटातबी कोणाला होत नसंल.

मिलच्या मागंच घर. नंदूनं आवाज ऐकला आणि आला. भिंत धरत, घाईघाईनं, एक चप्पल घालून. खुर्चीत बसला. पडद्याला हात लावला. रंगांवरून बोट फिरवत खाली गेला, परत वर आला. मला वाटलं, आता दोन दाबतो, तुंबलेल्या सौद्यांना सुरुवात करतो. पण त्यानं मान वळवून दाराकडं बघितलं.

अव्वा उंबऱ्याच्या बाहेर उभी होती. म्या म्हणलं, "ये की आत."

"नको. माझा हात लागंल कशाला तरी."

नंदू उठला. पाय ओढत दारापर्यंत गेला, डाव्या हातानं तिचं मनगट धरलं आणि तिला आणून स्वतःच्या खुर्चीत बसवलं. आप्पांच्या नंतर त्या खुर्चीत तो सोडून कोणी बसलेलं न्हाय. अव्वा अंग चोरून बसली, हात मांडीखाली दाबून. नंदूनं तिच्या खांद्यावरून वाकून एक नवी कोरी मेल उघडली. आणि सात दाबलं.

वाक्य उमटलं. अव्वाला कन्नड वाचता येतं, मराठी न्हाय. नंदूनं माझ्याकडं बघून हनुवटी उडवली. वाच.

म्या वाचलं. "माल मिळाला. थोडा भिजला होता, वाळवून घेतला."

तिथं थांबून म्या अव्वाकडं बघितलं. नंदूनं टेबलावर थाप मारली. पुढं.

"आमची काही तक्रार नाही. व्यवहार पूर्वीप्रमाणेच. लोभ असावा."

जन्मभर नवऱ्याच्या तोंडून ऐकलेला निरोप तो, अव्वाला वेगळा समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं वर मान करून नंदूकडं बघितलं. नंदू म्हणाला, "हां." आणि परत एकदा, "हां." तिनं त्याचा हात ओढून स्वतःच्या गालाला लावला, तो वाकडा झालेला उजवा हात, आणि रडली. मनमोकळी रडली. सोमेश उगाच वायरी गोळा करायला लागला.

मग पदरानं तोंड पुसून अव्वा ताठ बसली. व्यापाऱ्याची बायको शेवटी. म्हणाली, "कागद आला की जवाब द्यावा लागतो. लिही गं, शिवे."

"काय लिहू?"

"लिही, पावती मिळाली." नंदूकडं बघितलं. "लोभ आहे."

म्या लिहिलं. नंदूनं माझ्या हातावर टिचकी मारली आणि आठच्या बटनावर बोट ठेवलं. ते रिकामं होतं ना इतके दिवस, त्याच्यावर बसव असं खुणेनं सांगितलं. बसवलं.

शांतलिंग पाडव्याला आला होता. त्याला नंदूनं तीन दाबून दाखवलं, ह्या भावात परवडत नाही. आणि वरून ती शिवीबी निघाली, अगदी वेळेवर. कंप्युटरच्या डब्याचं झाकण आता पक्कं बसवलंय आणि पुढच्या खंडेनवमीला त्याला फक्त इबूती असं अव्वानंच सगळ्यांना बजावलंय. चहा घेऊन ती हापिसात येते, कप टेबलावर ठेवते आणि जरा वेळ उभी राहते. नंदू हातातला सौदा बाजूला ठेवतो, आठ दाबतो. अव्वाला मराठी अक्षरं येत न्हाईत, पण तेवढी ओळ आता ती ओळखते.